अठ्ठ्याऐंशी दिवसांचा हिशेब

परदेश पाहावा आणि तिथल्या मुक्कामाचा खर्च तिथेच काही महिने राबून भागवावा, ही इच्छा तरुणपणाइतकीच जुनी आहे. तिला दोन सरकारांमधील कराराचे आणि पासपोर्टला जोडलेल्या परवान्याचे रूप मात्र गेल्या अर्धशतकातच आले. पर्यटक व्हिसावर गेलेल्याला परदेशात पैसे कमावता येत नाहीत, आणि नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्याला बहुधा आधी त्या देशातला मालक शोधावा लागतो. ‘वर्किंग हॉलिडे’ हा या दोहोंच्या मधला प्रकार आहे. ठरावीक वयाच्या आतील तरुणाने वर्षभर परदेशात राहावे, फिरावे, वाटेत मिळेल ते काम करावे आणि मायदेशी परतावे, अशी त्यामागची मूळ कल्पना. तीत मालक आधी ठरलेला नसतो आणि स्थायिक होण्याचे आश्वासनही नसते. ऑस्ट्रेलियाने ही योजना १९७५ मध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडा या तीन देशांतील तरुणांसाठी सुरू केली, १९८० मध्ये जपान तीत सामील झाला, आणि पुढे ती इतकी विस्तारली की २०२३-२४ या एका वर्षात असे सव्वादोन लाखांहून अधिक व्हिसा दिले गेले.

१६ सप्टेंबर २०२४ पासून भारतीय तरुणांनाही या योजनेत वर्षाला एक हजार जागा उपलब्ध झाल्या असल्याने हा विषय आता पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर येथील घरांमध्येही बोलला जाणार आहे. परदेशातील शिक्षणाची किंवा माहिती-तंत्रज्ञानातील नोकरीची वाट मराठी घरांना ओळखीची आहे. शेतात फळे तोडून दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मिळवण्याची वाट मात्र नवी आहे. सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी आखलेली योजना शेतमजुरीचा आधारस्तंभ कशी झाली, आणि त्या बदलाचा भार नेमका कोणाच्या खांद्यावर पडला, हे समजून घेतल्याशिवाय त्या वाटेवर पाऊल ठेवणे धोक्याचे आहे.

दोन क्रमांक, एक अट

ऑस्ट्रेलियात या योजनेचे दोन व्हिसा आहेत आणि ते त्यांच्या क्रमांकांनीच ओळखले जातात. ‘४१७’ हा जुना व्हिसा असून तो ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, जपान, दक्षिण कोरिया, तैवान यांसारख्या १९ देश व प्रदेशांच्या पासपोर्टधारकांना मिळतो. ‘४६२’ हा नंतर आलेला व्हिसा असून अमेरिका, चीन, व्हिएतनाम, इंडोनेशिया, चिली, अर्जेंटिना आणि आता भारत या देशांतील तरुण त्याखाली येतात. त्याला शिक्षणाची आणि इंग्रजीच्या कामचलाऊ ज्ञानाची अट आहे, आणि बहुतेक देशांसाठी जागांची वार्षिक मर्यादाही आहे. दोन्ही व्हिसांवर पहिल्यांदा मिळणारा मुक्काम एक वर्षाचा असतो, मुलाबाळांना सोबत नेता येत नाही, आणि एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ काम करता येत नाही, कारण काम हे प्रवासाचे साधन राहावे, प्रवास हे नोकरीचे निमित्त होऊ नये, असा मूळ हेतू होता.

हा हेतू २००५ मध्ये वळण घेऊ लागला. शहरांपासून दूर असलेल्या भागांत फळबागांना आणि मळ्यांना हंगामात माणसे मिळत नव्हती, म्हणून सरकारने ४१७ व्हिसाधारकांपुढे एक देवघेव ठेवली: ठरवून दिलेल्या प्रादेशिक भागात, ठरवून दिलेल्या उद्योगात तीन महिने काम करा आणि दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मिळवा. तीन महिन्यांचे हे काम दिवसांत मोजले की अठ्ठ्याऐंशी भरतात, आणि म्हणूनच जगभरच्या बॅकपॅकरांच्या, म्हणजे पाठीवरच्या पिशवीनिशी कमी खर्चात फिरणाऱ्या तरुणांच्या, बोलीत ‘एटी-एट डेज’ हे शब्द एखाद्या परीक्षेच्या नावासारखे रुळले. १ जुलै २०१९ पासून तिसऱ्या वर्षाचीही सोय झाली. त्यासाठी दुसऱ्या वर्षी सहा महिने, म्हणजे १७९ दिवस, असेच काम करावे लागते. कोणते गाव यात बसते हे पिनकोडवरून ठरते, आणि कोणते काम बसते हे यादीवरून: शेती व पशुपालन, मासेमारी व मोतीउद्योग, वनशेती, बांधकाम, आणि उत्तरेकडील व अतिदुर्गम भागांत हॉटेल-पर्यटनाचे कामही.

दिवस मोजण्याचा नियम वरवर साधा वाटतो, पण सारी अनिश्चितता त्यातच दडलेली आहे. पूर्णवेळ नेमणूक असलेल्याचे आठवडी सुट्टीचे दिवसही धरले जातात. परंतु हंगामी फळतोडीतील बहुतेकांची नेमणूक ‘कॅज्युअल’, म्हणजे कामापुरती, असते आणि त्यांच्या बाबतीत प्रत्यक्ष काम केलेला दिवसच मोजला जातो. पाऊस पडला, फळ पिकले नाही, बाजारभाव कोसळल्यामुळे मालकाने तोडणी थांबवली, की मजुरी बुडते आणि दिवसही बुडतो. त्यामुळे कॅलेंडरवरचे तीन महिने अठ्ठ्याऐंशी दिवसांना पुरत नाहीत, आणि वर्ष सरत आले की उरलेले दिवस भरून काढण्याची धडपड सुरू होते.

बंडाबर्गची पहाट

क्वीन्सलंड राज्यातील बंडाबर्ग हे ब्रिस्बेनच्या उत्तरेस सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरचे शहर या व्यवस्थेचे एक जुने केंद्र आहे. ज्वालामुखीच्या खडकापासून बनलेली तांबडी माती, मैलोगणती ऊस, आणि त्याच्या जोडीला रताळी, टोमॅटो, स्ट्रॉबेरी, अ‍ॅव्होकाडो व मॅकाडेमिया यांची लागवड, असा हा परिसर आहे; सांगली-साताऱ्याच्या माणसाला तिथले उसाचे फड परके वाटणार नाहीत. हंगामात या शहरातील ‘वर्किंग हॉस्टेल’चा दिवस उजेडाच्या आधीच सुरू होतो. सामायिक स्वयंपाकघरात आदल्या रात्रीचा भात डब्यांत भरला जातो, मातीने कडक झालेले बूट दाराबाहेरून उचलले जातात, आणि कोरियन, फ्रेंच, तैवानी, अर्जेंटिनी तरुणांच्या रांगा व्हॅनकडे निघतात. कोणी कोणत्या मळ्यावर जायचे याची यादी आदल्या संध्याकाळी लागलेली असते. ज्याचे नाव यादीत नाही त्याचा दिवस रिकामा जातो, आणि भाडे मात्र चालू राहते.

हे वर्किंग हॉस्टेल केवळ राहण्याची जागा नसते. ते चालवणाऱ्याचे आसपासच्या मळ्यांशी संबंध असतात, माणसे पुरवणाऱ्या ठेकेदारांशी बोलणे असते, आणि गाडीही बहुधा त्याचीच असते. आठवड्याचे भाडे आणि अनामत रक्कम भरून आत आलेल्या तरुणाला निवारा, वाहतूक आणि काम या तिन्ही गोष्टी एकाच हातून मिळतात, आणि सार्वजनिक बस नसलेल्या मुलखात स्वतःची मोटार नसेल तर दुसरा हात शोधणे कठीण होते. चांगल्या चालकाच्या हाती ही सोय नवख्याला मोठा आधार ठरते, कारण अनोळखी देशात पहिल्याच आठवड्यात त्याला छत आणि रोजगार दोन्ही लाभतात. वाईट चालकाच्या हाती मात्र हीच सोय पकड बनते: काम आहे असे सांगून माणसे भरायची, काम आठवड्यातून दोन-तीन दिवसच द्यायचे, आणि भाडे सात दिवसांचे घ्यायचे.

मराठवाड्यातून दरवर्षी कारखान्यांच्या फडांवर जाणाऱ्या ऊसतोड कामगारांचे जीवन ज्यांना माहीत आहे त्यांना या रचनेतील मुकादमाची जागा चटकन ओळखू येईल. दोन्हींत फरकही मोठा आहे, कारण ऊसतोड जोडपे मुकादमाच्या उचलीने बांधलेले असते, तर बॅकपॅकरच्या मागे सहसा असे कर्ज नसते आणि विमानाचे तिकीट काढून घरी परतणे त्याला शक्य असते. मालक आणि मजूर यांच्यामध्ये उभा राहणारा मध्यस्थ जितका अधिक बेहिशेबी, तितकी मजुराची मजुरी त्याच्या हातात पोहोचेपर्यंत झिजत जाते, ही गोष्ट मात्र दोन्ही मुलखांत सारखीच आढळते. क्वीन्सलंडने २०१८ पासून मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारांना परवाना सक्तीचा केला आणि त्यानंतर व्हिक्टोरिया राज्यानेही तसाच कायदा अमलात आणला, तो याच अनुभवातून.

या मातीला अशा प्रश्नाचा इतिहासही आहे. १८६३ ते १९०४ या काळात क्वीन्सलंडच्या मळ्यांसाठी पॅसिफिक बेटांवरून सुमारे ६२ हजार करारांवर माणसे आणली गेली. काहींना फसवून, काहींना बळाने. पुढे १९०१ च्या कायद्याने त्यांच्यापैकी बहुतेकांना परत धाडण्यात आले. आजचा बॅकपॅकर त्यांचा वारस नव्हे, कारण तो स्वेच्छेने येतो आणि कायद्याने त्याला स्थानिक मजुराइतकेच किमान वेतन द्यावे लागते. तरीही दूरच्या मळ्यात तोडणी कोणी करायची या प्रश्नाचे उत्तर ऑस्ट्रेलियाने दीर्घकाळ समुद्रापलीकडे शोधले आहे, आणि वर्किंग हॉलिडे हा त्या शोधातील एक टप्पा आहे.

चिल्डर्सची रात्र

बंडाबर्गपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर चिल्डर्स नावाचे छोटे गाव आहे. २३ जून २००० च्या मध्यरात्रीनंतर तेथील पॅलेस बॅकपॅकर्स हॉस्टेल या जुन्या लाकडी इमारतीला आग लावली गेली आणि तीत १५ तरुण प्रवासी मृत्युमुखी पडले. ब्रिटन, आयर्लंड, नेदरलँड्स, जपान, दक्षिण कोरिया आणि खुद्द ऑस्ट्रेलिया अशा देशांतून आलेले हे तरुण आसपासच्या मळ्यांत फळे-भाज्या तोडून पुढच्या प्रवासाचे पैसे जमवत होते. आग लावणाऱ्याला २००२ मध्ये जन्मठेप झाली. परंतु मृत्यूंची संख्या केवळ त्याच्या कृत्याने ठरली नव्हती. धुराची सूचना देणारी यंत्रणा चालू नव्हती, काही खिडक्यांना गज होते, आणि दाटीने लावलेल्या खाटांमुळे बाहेर पडण्याची वाट अडली होती. त्यानंतर क्वीन्सलंडने स्वस्त निवासांच्या अग्निसुरक्षेचे नियम कडक केले, आणि ती इमारत दुरुस्त करून तेथे स्मारक व कलादालन उभारले. मळ्यात उभ्या असलेल्या त्या पंधरा जणांचे एकत्र चित्र तेथे लावलेले आहे, आणि त्यातील चेहरे सुट्टीवर निघालेल्या कोणत्याही तरुणांचे असावेत तसेच आहेत.

फळ बदलते तसे अंग दुखते

ऑस्ट्रेलिया हा खंडाएवढा देश असल्याने तेथे वर्षाच्या कोणत्याही महिन्यात कुठे ना कुठे तोडणी चालू असते, आणि एका भागाचा हंगाम संपला की दुसरीकडे सरकणाऱ्या मजुरांच्या मार्गाला ‘हार्वेस्ट ट्रेल’ म्हणतात. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत उत्तरेत डार्विन व कॅथरिन येथे आंबा उतरतो, उन्हाळ्यात दक्षिणेच्या तास्मानियातील ह्यूऑन खोऱ्यात चेरी पिकते, जानेवारी ते एप्रिल या काळात मरी नदीकाठच्या मिल्ड्युरा परिसरात द्राक्षांचा खुडा चालतो, आणि क्वीन्सलंडच्या टली परिसरात केळी बारमाही असतात.

प्रत्येक पिकाचे कौशल्य वेगळे आणि त्रासही वेगळा. आंब्याच्या देठातून उडणारा चीक कातडीला लागला की अंग उतते आणि पुरळ उठते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पस्तीस अंशांहून अधिक उष्म्यात पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे घालून हे काम करावे लागते ते त्यामुळेच. टलीच्या बागांत केळीचा घड कापला की तो खांद्यावर झेलून ट्रेलरपर्यंत न्यायचा असतो, आणि अशा घडाचे वजन चाळीस किलोंच्याही वर जाते. शेडमध्ये मग त्याच्या फण्या सोडवून, धुऊन, खोक्यांत भरल्या जातात. टली हे ऑस्ट्रेलियातील सर्वाधिक पावसाच्या गावांपैकी एक असून १९५० मध्ये तेथे ७.९ मीटर पाऊस झाला होता, आणि त्याची आठवण म्हणून गावाने तेवढ्याच उंचीचा एक सोनेरी गमबूट उभारला आहे. अशा ओल्या बागांत उंदरांमुळे पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो. तास्मानियात पिकलेल्या चेरीवर पाऊस पडला तर फळ तडकते, म्हणून बागेवरून हेलिकॉप्टर फिरवून पाणी झटकले जाते, आणि फळ कोरडे होईपर्यंत तोडणीवाले बसून राहतात. द्राक्षाच्या घडातून तडकलेला मणी बारीक कात्रीने काढणे हे नाशिकच्या बागेत जितके नाजूक आहे तितकेच मिल्ड्युरातही आहे, आणि नवख्या हाताला ते जमायला काही दिवस जातात. या शिकण्याच्या दिवसांचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न मजुरीच्या पद्धतीपर्यंत नेतो.

उक्ते आणि रोजावर

मजुरी दोन रीतींनी मिळते: तासावर, किंवा उक्ती. उक्त्या कामात सफरचंदांनी भरलेला सुमारे चारशे किलोंचा लाकडी पेटारा किंवा स्ट्रॉबेरीचा ट्रे हे मोजण्याचे एकक असते. सराईत माणसाला उक्ते काम परवडते, कारण तो तासाच्या दरापेक्षा जास्त मिळवतो. नवख्याला ते मारक ठरते, कारण फळ विरळ असले किंवा फक्त पिकलेलेच निवडून तोडायचे असले की दिवसभर राबूनही त्याच्या हाती अगदी थोडे पडते. बागायती क्षेत्रातील वेतननियमांत अनेक वर्षे उक्त्या कामाला तासाच्या किमान वेतनाचा तळ नव्हता. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘फेअर वर्क कमिशन’ या वेतनविषयक न्यायाधिकरणाने हा दोष मान्य केला, आणि २८ एप्रिल २०२२ पासून उक्त्यावर काम करणाऱ्यालाही प्रत्यक्ष तासांच्या हिशेबाने किमान वेतनाची हमी मिळाली. दर असा हवा की सरासरी कुशल मजुराला तासाच्या वेतनापेक्षा किमान १५ टक्के जास्त मिळावेत, तो लेखी सांगितलेला हवा आणि तासांची नोंद ठेवलेली हवी, असे नियम त्याबरोबर आले.

१ जुलै २०२५ पासून ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झाले आणि कामापुरत्या नेमलेल्याला त्यावर २५ टक्के वाढीव मिळतात, कारण त्याला पगारी रजा नसते. या मिळकतीवर बॅकपॅकरला १५ टक्के कर पहिल्या डॉलरपासून द्यावा लागतो, तर स्थानिक रहिवाशाचे पहिले १८,२०० डॉलर करमुक्त असतात. २०१७ पासून लागू झालेल्या या करावर एका ब्रिटिश तरुणीने दाद मागितली आणि ३ नोव्हेंबर २०२१ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने एकमताने तिच्या बाजूने निकाल दिला, कारण दोन देशांतील कर-करारात राष्ट्रीयत्वावरून भेद न करण्याचे कलम होते. निर्वाहनिधीच्या बाबतीत भेद अधिकच तीव्र आहे: मालकाने मजुराच्या नावे भरलेली ही रक्कम देश सोडताना काढता येते, परंतु वर्किंग हॉलिडेवाल्याच्या रकमेतून ६५ टक्के कर कापला जातो.

सहीची किंमत

कायद्यातील वेतन आणि हातात पडणारे वेतन यांतील अंतर या योजनेचा सर्वांत दुखरा भाग आहे. मे २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने मळ्यांतील आणि प्रक्रिया-कारखान्यांतील शोषण उघड केल्यावर या प्रश्नाला राजकीय वजन आले. वेतनकायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या ‘फेअर वर्क ओम्बड्समन’ या सरकारी यंत्रणेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ४१७ व्हिसाविषयीच्या चौकशीत चार हजारांहून अधिक व्हिसाधारकांना विचारले तेव्हा ३५ टक्क्यांनी किमान वेतनापेक्षा कमी मिळाल्याचे, १४ टक्क्यांनी काम मिळवण्यासाठीच आधी पैसे मोजल्याचे, आणि ६ टक्क्यांनी दिवस भरल्याच्या सहीसाठी मालकाला पैसे दिल्याचे सांगितले. याच यंत्रणेने हार्वेस्ट ट्रेलवरील ६३८ मळे व ठेकेदारांची तपासणी करून २०१८ मध्ये अहवाल दिला आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी वेतननियम मोडलेले आढळले.

सही विकत घ्यावी लागते यामागचे कारण व्यक्तींच्या दुष्टपणापेक्षा नियमाच्या रचनेत आहे. साध्या मजुराला मालक पटला नाही तर तो काम सोडतो, आणि काम सोडण्याची ही मोकळीक हेच मजुराचे मूळ बळ असते. अठ्ठ्याऐंशी दिवसांच्या अटीने या बळाला पुढच्या वर्षाच्या व्हिसाचे दावे लावले, कारण साठाव्या दिवशी भांडून निघालेल्याला उरलेले अठ्ठावीस दिवस नव्याने शोधावे लागतात, आणि त्याच्या आधीच्या साठ दिवसांचा पुरावा त्याच मालकाच्या दप्तरात असतो. मूळ नियमानुसार विनामोबदला कामाचे दिवसही धरले जात, त्यामुळे दिवस देतो, मजुरी मागू नको, असा उघड सौदा शक्य होता. २०१५ मध्ये सरकारने ही वाट बंद केली आणि पगाराच्या पावत्या सक्तीच्या केल्या. पावत्यांमुळे मजुराच्या हाती पुरावा आला. तरी खोट्या तासांच्या पावत्या, भाड्याच्या नावाने केलेली कपात, किंवा मजुराला कागदोपत्री स्वतंत्र व्यावसायिक दाखवून वेतननियमांतून वगळण्याची युक्ती, हे प्रकार चालूच राहिले.

अलीकडचे कायदे या रचनेवर थेट घाव घालतात. १ जुलै २०२४ पासून व्हिसाचा धाक दाखवून मजुराला पिळणे हा गुन्हा झाला. २४ जुलै २०२४ पासून प्रायोगिक स्वरूपात असा व्हिसा सुरू झाला की शोषणाविरुद्ध दाद मागणाऱ्याला तेवढ्यासाठी देशात थांबता यावे. आणि १ जानेवारी २०२५ पासून हेतुपुरस्सर वेतन बुडवणे हा संघराज्याच्या कायद्याने फौजदारी गुन्हा ठरला. या तरतुदी मोलाच्या आहेत, परंतु त्या तक्रारीनंतर काम करतात, आणि तक्रार करण्याची भीती जिथून निर्माण होते ती अट त्यांनी हलवलेली नाही.

सीमा बंद झाली तेव्हा

२०१९ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात या व्हिसांवर सुमारे १ लाख ४० हजार तरुण होते. २० मार्च २०२० रोजी महामारीमुळे देशाची सीमा बंद झाली, आलेले परतत गेले आणि नवे येईनासे झाले, तेव्हा अनेक भागांत फळ झाडावरच सडण्याची वेळ आली. ज्यांची गणना सुट्टीवरचे पाहुणे म्हणून होत होती त्यांच्यावर देशाच्या ताटातील फळे-भाज्या किती अवलंबून होत्या, हे त्या दोन हंगामांनी निःसंशय दाखवले. त्यानंतर पॅसिफिक बेटांवरील देशांतून व तिमोर-लेस्तेतून मजूर आणणाऱ्या योजनेवरील भर वाढला. तीत मालकाला आधी मान्यता घ्यावी लागते आणि मजुरांची जबाबदारी त्याच्यावर असते.

मार्च २०२३ मध्ये मार्टिन पार्किन्सन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने स्थलांतर-व्यवस्थेचा आढावा घेताना वर्किंग हॉलिडे एका वर्षापुरता मर्यादित ठेवण्याचा विचार मांडला, कारण पुढच्या व्हिसाचे आमिष आणि शोषण यांचा संबंध समितीला स्पष्ट दिसत होता. दुसरीकडे ब्रिटनशी झालेल्या व्यापार-करारानुसार १ जुलै २०२४ पासून ब्रिटिश पासपोर्टधारकांना मळ्यातील एकही दिवस न भरता तीन वर्षांचे तीन व्हिसा मिळू लागले. एका पासपोर्टासाठी जी अट वाटाघाटीत काढून टाकता आली, ती शेतीच्या अस्तित्वासाठी अपरिहार्य आहे असे इतर पासपोर्टांना सांगणे आता न्यायाला धरून नाही.

एक हजार जागांची सोडत

भारतीयांसाठीची तरतूद २ एप्रिल २०२२ रोजी स्वाक्षरी झालेल्या आणि २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आलेल्या भारत-ऑस्ट्रेलिया आर्थिक सहकार्य व व्यापार करारातून आली. १८ ते ३० या वयातील, बारावीनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण पूर्ण केलेल्या आणि कामचलाऊ इंग्रजी येणाऱ्या भारतीयाला ४६२ व्हिसासाठी अर्ज करता येतो. परंतु अर्जाआधी सोडतीत नाव लागावे लागते. म्हाडाच्या घरांची सोडत माहीत असलेल्या महाराष्ट्राला ही पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही. पहिली सोडत ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. नोंदणीचे शुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर होते, ओळखीसाठी पॅन कार्ड लागत होते, आणि पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४० हजार भारतीयांनी नोंदणी केल्याचे ऑस्ट्रेलियन सरकारने सांगितले. त्या दोन आठवड्यांपुरते पाहिले तरी एका जागेसाठी चाळीस उमेदवार होतात.

नाव लागल्यावर २०२४-२५ च्या दराने ६५० डॉलर व्हिसाशुल्क भरावे लागे आणि सुरुवातीच्या खर्चासाठी साधारण ५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या विनिमय दराने पावणेतीन लाख रुपयांच्या आसपास रक्कम, शिवाय प्रवासखर्चाची तरतूद दाखवावी लागे. ही रक्कम पाहता शेतमजुराच्या घरातील मुलापेक्षा नोकरदार किंवा बागायतदार घरातील पदवीधरच या वाटेवर अधिक दिसण्याची शक्यता आहे, आणि त्याने आजवर बहुधा दुसऱ्याच्या शेतात रोजाने काम केलेले नसते. म्हणूनच त्याला आपल्या हक्कांची माहिती आधी असणे विशेष गरजेचे आहे.

तुलनेसाठी ब्रिटनची योजना पाहण्याजोगी आहे. मे २०२१ मध्ये झालेल्या भारत-ब्रिटन सामंजस्यातून फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत १८ ते ३० वयाच्या ३,००० भारतीय पदवीधरांना वर्षाला व्हिसा मिळू शकतो. सोडत विनाशुल्क आहे, २,५३० पौंडांची शिल्लक दाखवावी लागते, दोन वर्षांचा आरोग्य-अधिभार १,५५२ पौंड आहे, आणि मुक्काम दोन वर्षांचा असून वाढवता येत नाही. मळ्यात दिवस भरण्याची अट तीत नसल्याने काम करणारा तरुण आपला मालक निवडतो आणि बदलतो; खर्च अधिक, पण सहीची टांगती तलवार नाही.

निघण्यापूर्वी

वर्किंग हॉलिडेने असंख्य तरुणांना जग दाखवले, अनोळखी माणसांशी मैत्री करायला शिकवले आणि हाताने काम करणाऱ्याकडे पाहण्याची नजर दिली, हे या योजनेचे श्रेय खरे आहे. ज्याने भर उन्हात आंबा उतरवला आहे तो पुढे आयुष्यभर फळाच्या किमतीकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहील, आणि आपल्याकडच्या बागेत राबणाऱ्या मजुराकडेही. या अनुभवाचे मोल टिकवायचे असेल तर पुढच्या वर्षाचा मुक्काम आणि मालकाची सही यांतील गाठ ऑस्ट्रेलियाने सर्वच पासपोर्टांसाठी सोडवली पाहिजे, आणि भारताने पुढील वाटाघाटींत ब्रिटनला मिळालेली सूट आपल्या तरुणांसाठी आग्रहाने मागितली पाहिजे.

तोपर्यंत जाणाऱ्या प्रत्येकाने आणि त्याला निरोप देणाऱ्या आईवडिलांनी काही गोष्टी मनाशी पक्क्या ठरवाव्यात. काम मिळवण्यासाठी कोणालाही आगाऊ पैसे देऊ नयेत. कामाचे तास रोज स्वतःच्या वहीत लिहावेत. पगाराची पावती दर वेळी मागून जपावी. झोपण्याच्या खोलीतून बाहेर पडण्याची दुसरी वाट पहिल्याच रात्री पाहून ठेवावी. आणि किमान वेतनाचा हक्क व्हिसाच्या प्रकारावर अवलंबून नसतो हे विसरू नये. दिवस कमी पडत असतील तर एका वर्षाने परत यावे, त्यात कमीपणा नाही. दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी मजुरीवर पाणी सोडू नये, आणि सुरक्षिततेवर तर मुळीच सोडू नये.